सही करण्यापूर्वी

आज तुमच्याशी बोलायला आम्ही पाच जणी आलो आहोत. आवाज एकीचाच ऐकू येईल, पण टिपणं पाचही जणींची आहेत. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आम्ही काम करतो. एक प्रवेशाच्या टेबलावर आहे, एक फीच्या खिडकीवर, एक परीक्षा विभागात, एक शिष्यवृत्ती बघते आणि एक दाखले व आवक-जावक सांभाळते. वर्गाबाहेरचं कॉलेजचं कागदाचं काम या ना त्या वाटेने आमच्या हातून जातं.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजने कार्यालयासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. प्रवेश, फी, परीक्षा, दाखले सगळं एकाच ठिकाणी, असं ते. कंपनीची मुलं आली, त्यांनी पडद्यावर सगळं छान चालवून दाखवलं आणि म्हणाली, "आता यूएटी करून घ्या, म्हणजे सही झाली की चालू करू." यूएटी म्हणजे यूजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग. आपल्या भाषेत, जी माणसं रोज ते वापरणार त्यांनी आधी ते वापरून बघायचं आणि मग 'आम्हाला हे मान्य आहे' म्हणून सही करायची. आज आम्ही या वापरून बघण्याबद्दल बोलणार आहोत. विषय संगणकाचा वाटला तरी रेडिओ बंद करू नका. बचत गटात, पतसंस्थेत, दूध डेअरीत, शाळेत, अंगणवाडीत, जिथे जिथे आपण बायका काम करतो तिथे आज ना उद्या कुणीतरी नवं अ‍ॅप किंवा नवी प्रणाली आणून ठेवणारच आहे.

बाजारात मडकं घेताना आपण काय करतो? टिचकी मारून बघतो. कुंभाराने ते भाजताना पारखलेलं असतंच, तरी आपण आपली टिचकी मारतोच, कारण पाणी आपल्याला भरायचं असतं. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. कंपनीचे लोक आपल्या परीने तपासतात. बटण दाबल्यावर पान उघडतं का, बेरीज बरोबर येते का, हे ते बघतात. पण २० जुलैला दुपारी बारा वाजता खिडकीपुढे साठ मुलं उभी असताना त्या बटणाने आपलं काम उरकतं का, हे त्यांना कसं कळणार? ते आपल्यालाच बघायचं असतं. त्यांची परीक्षा यंत्राची असते, आपली परीक्षा कामाची असते.

आणि सहीला महत्त्व का, तेही सांगतो. स्वीकृतीच्या कागदावर सही झाली की कंपनीचा मोठा हप्ता देय होतो. त्याआधी सापडलेली चूक कंपनीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. सहीनंतर तीच गोष्ट सांगायला गेलं तर बऱ्याचदा ऐकायला मिळतं, "हे मूळ कामात नव्हतं, याचे वेगळे पैसे पडतील." म्हणजे ती सही म्हणजे शिष्टाचार नव्हे. नाही म्हणण्याचा आपला हक्क त्या सहीबरोबर बराचसा संपतो.

पुरेशी परीक्षा न घेता मोठं काम नव्या यंत्रणेवर टाकलं की काय होतं, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका कागदावर न तपासता संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या असं ठरवलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, शिक्षकांनी त्या पडद्यावर वाचायच्या आणि गुण तिथेच द्यायचे. कल्पना वाईट नव्हती. पण तयारी अपुरी होती. निकाल रखडले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. पुढच्या प्रवेशाच्या वाटेवर असलेली मुलं अडकून पडली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. एका मुलीचं एक वर्ष जाणं म्हणजे काय, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. आई-वडील म्हणतात, "निकाल नाही लागला ना, मग बघू या आलेलं स्थळ."

म्हणून आम्ही ठरवलं की ही परीक्षा मनापासून घ्यायची.

सुरुवात संगणकापासून केली नाही. शनिवारी दुपारी खिडकी बंद झाल्यावर जुनी रजिस्टरं आणि वह्या घेऊन बसलो. प्रत्येकीने आपल्या टेबलावरचं काम क्रमाने लिहून काढलं. मुलगी खिडकीवर आली की पहिल्यांदा काय मागते, आपण काय बघतो, कुठे नोंद करतो, कुणाकडे सहीला पाठवतो. सरळ कामं लिहायला वेळ लागला नाही. मग दुसरी यादी केली, अडलेल्या कामांची. गेल्या काही वर्षांत कोणत्या गोष्टीने आपला अर्धा दिवस खाल्ला होता? कुणाला तीन-तीन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या? खरी परीक्षा या दुसऱ्या यादीतून तयार झाली. सोपी केस कुठलंही सॉफ्टवेअर पास करतं.

मग मोठ्या कागदावर चार रकाने आखले. काय करायचं, कोणती माहिती भरायची, काय व्हायला हवं, आणि प्रत्यक्षात काय झालं. तिसरा रकाना आधी भरून ठेवायचा, हे महत्त्वाचं. नाहीतर पडद्यावर जे आलं तेच बरोबर असेल असं मन म्हणू लागतं. आणि एक पथ्य पाळलं. खऱ्या विद्यार्थिनींची नावं, आधार क्रमांक, जातीचे दाखले आम्ही चाचणीत वापरले नाहीत. कंपनीच्या लॅपटॉपवर ती माहिती जाऊ द्यायची नव्हती. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. आम्ही खोटी माणसं तयार केली, पण त्यांच्या अडचणी अगदी खऱ्या ठेवल्या.

पहिली खोटी विद्यार्थिनी होती कऱ्हाडे आडनावाची. मुद्दाम. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं असतात. मुलीने मोबाइलवरून अर्ज भरला तेव्हा एक तऱ्हा पडली आणि आम्ही खिडकीवरून शोधलं तेव्हा दुसरी. प्रणाली म्हणाली, असं नाव नाही. आता ही मुलगी शेवटच्या तारखेला समोर उभी राहून "मी अर्ज भरलाय हो मॅडम" म्हणत असती आणि आपण पडद्याकडे बघून "नाही भरलेला" म्हणत असतो. गोऱ्हे, वऱ्हाडे, कुऱ्हाडे, किती आडनावं या एका अक्षराने अडली असती! कंपनीच्या मुलांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनाही नवल वाटलं. त्यांच्या चाचणीत सगळी नावं इंग्रजीत होती.

दुसरी जोडी होती एकाच नावाच्या दोघींची, दोघींची जन्मतारीख १ जून. जुन्या काळी शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. आपल्या घरात अशा एक जूनवाल्या किती निघतील, मोजून बघा. आमच्याकडे लग्नानंतर, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला येणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यात हे हमखास सापडतं. प्रणालीने दुसरीला हाकलून लावलं, 'विद्यार्थी आधीच नोंदलेला आहे.' नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच, असं तिला शिकवलेलं होतं. शहरात बसून हे बरोबर वाटतं.

तिसरी केस दोघी बहिणींची. घरात मोबाइल एक, वडिलांचा. थोरलीने तो नंबर दिला, धाकटीने दिला तर नोंदणी पुढे जाईना, कारण नंबर वापरात आहे. आणि नंबर चालला तरी ओटीपी वडिलांच्या फोनवर, वडील ऊसतोडीला किंवा गाडीवर. पाच मिनिटांत ओटीपी सांगितला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मैत्रिणींनो, मुलाच्या हातात स्वतःचा फोन असतो, मुलीच्या हातात नसतो, ही आपल्याकडची गोष्ट आहे. ती लक्षात न घेता केलेली नोंदणी मुलींना दारातच थांबवते, आणि कुणी मुद्दाम थांबवलं असंही म्हणता येत नाही.

मग नावाचे प्रश्न. वडिलांचं नाव भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. ज्या मुलीला फक्त आई आहे, आणि आईला ते नाव लावायचं नाही, तिने काय करायचं? बारावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावाचा रकाना असतो. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचा निर्णय राज्याने घेतला आहे. म्हणजे जग कुठे चाललंय ते दिसतंय, आणि नव्या कोऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आईच्या नावापुढे 'ऐच्छिक' लिहिलेलं! तसंच दुसऱ्या वर्षात लग्न झालेल्या मुलीचं. राजपत्रात नाव बदलून ती आली तर नवं नाव चालू नोंदींवर यायला हवं, पण पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवरचं नाव जसंच्या तसं राहायला हवं. प्रणालीने नाव बदललं ते सगळीकडे, मागच्या वर्षाच्या निकालावरसुद्धा. उद्या नोकरीच्या ठिकाणी कागद जुळला नाही तर धावपळ त्या मुलीचीच.

फीच्या खिडकीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण पैशाची चूक कुणी विसरत नाही. तिथे एक युक्ती सांगतो. जिथे नियम बदलतो त्या कडेच्या तारखा आणि कडेचे आकडे तपासायचे. उदाहरणार्थ, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ या वर्षासाठी सांगितलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी परत. मग चाचणी कोणत्या तारखांची? ३० सप्टेंबर, १ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. मधल्या तारखा बहुतेक बरोबरच येतात, चूक उंबरठ्यावर बसलेली असते. आमच्याकडे ३० सप्टेंबरलाच पैसे कापले गेले. 'पर्यंत' या शब्दात तो दिवस धरायचा की नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या मनाने ठरवलं होतं.

दुसरं, सवलती. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हा निर्णय आला तेव्हा प्रवेशाची धामधूम होती. आम्ही कंपनीला विचारलं, उद्या असाच नवा नियम आला तर तो आम्हाला इथे बसून भरता येईल की तुम्हाला बोलवावं लागेल? तुम्ही आठ दिवसांनी आलात तर तोवर त्या मुलींकडून फी घ्यायची का? या एका प्रश्नावर त्यांना सवलतीचं पूर्ण पान नव्याने करावं लागलं.

तिसरं, शिष्यवृत्तीची थकबाकी. मुलीने महाडीबीटीवर अर्ज भरलाय, मंजुरी यायची आहे, पैसे अजून आलेले नाहीत. कागदावर ती बाकीदार दिसते, पण ती बाकी तिची नाही. प्रणाली सरसकट 'थकबाकी' म्हणून लाल करत होती आणि थकबाकीदाराचं हॉल तिकीट आपोआप रोखत होती. पूर्वी आम्ही वहीत नावासमोर पेन्सिलीने 'शि.' लिहायचो आणि तिकीट द्यायचो. त्या पेन्सिलीच्या 'शि.'ला नव्या प्रणालीत जागा नव्हती. आम्ही ती करून घेतली. कार्यालयातलं अर्धं शहाणपण अशा पेन्सिलीच्या खुणांत असतं. ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं, म्हणून कंपनीला सांगितलंही जात नाही.

आणि लाइट. पावती छापता छापता लाइट गेली तर? आम्ही खरंच संगणकाची पिन काढून बघितली. ऑनलाइन पैसे भरताना नेट गेलं, खात्यातून रक्कम कापली, पावती आली नाही, घाबरून मुलीने पुन्हा बटण दाबलं, तर पैसे दोनदा जातात का? गेले. हे कंपनीने सगळ्यात आधी दुरुस्त केलं.

आता जरा गंभीर गोष्ट. नोंद कुणी केली, कुणी बदलली, कधी बदलली, याची खूण प्रणालीत राहते का, हे बघितल्याशिवाय सही करू नका. यात आपल्या नोकरीचा आणि अब्रूचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये टपाल कार्यालयांसाठी १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आली. गावोगावची छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात ती प्रणाली नसलेली तूट दाखवू लागली. लोक सांगत होते की पैसे आम्ही घेतले नाहीत, पण संगणक चुकत नाही असं धरून चालण्यात आलं. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाई २०१० साली तुरुंगात गेल्या तेव्हा त्या गरोदर होत्या. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष मानून शिक्षा रद्द केली. पुढे २०२४ मध्ये तिथल्या संसदेला खास कायदा करून शेकडो लोकांवरचा डाग पुसावा लागला. कंपनीची माणसं दुरून त्या हिशेबांत बदल करू शकत होती, हेही मागाहून उघड झालं.

म्हणून आम्ही दोन गोष्टी मागितल्या. प्रत्येकीला स्वतंत्र लॉगिन, आणि प्रत्येक बदलाची नोंद, कंपनीच्या माणसाने केलेल्या बदलाचीसुद्धा. आपल्या कार्यालयांत एक सवय असते. साहेबांचा पासवर्ड कागदावर लिहून काचेखाली ठेवलेला, आणि साहेबांच्या नावाने आपणच मंजुरी देतो. सोयीचं वाटतं. पण उद्या काही झालं तर साहेब म्हणणार, "बटण तर ताईंनी दाबलं." नव्या प्रणालीत ज्याचं काम त्याचं लॉगिन. फीच्या खिडकीवरून परीक्षेचे गुण दिसायला नकोत, आणि दाखल्याच्या टेबलावरून फी माफ करता यायला नको. आम्ही एकमेकींच्या लॉगिनने हे सगळं करून बघितलं. जिथे दार उघडं सापडलं तिथे कुलूप लावून घेतलं.

जुनी माहिती नव्या प्रणालीत आणण्याचं काम तर पोतंभर. आमची जुनी मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली, युनिकोडमध्ये नव्हती. नव्या पडद्यावर ती इंग्रजी अक्षरं आणि खुणांची खिचडी होऊन आली. कंपनीने ती बदलून आणली तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर, रफार गायब. टी.सी.वर चुकीचं नाव छापलं तर ते दुरुस्त करायला मुलीला प्रतिज्ञापत्रापर्यंत जावं लागतं. म्हणून दर वर्षाच्या जनरल रजिस्टरमधली काही पानं निवडली आणि एकीने रजिस्टर वाचायचं, दुसरीने पडदा बघायचा, असं ताळा केलं. नोंदींची संख्या जुळली का आणि एकूण बाकी रुपयापर्यंत जुळली का, हे दोन आकडे मात्र सगळ्या वर्षांचे तपासले.

चुका सापडल्या की त्या सांगायच्या कशा, हेही शिकण्यासारखं आहे. "चालत नाही" एवढं सांगितलं तर कंपनीचा माणूस म्हणतो, "आमच्याकडे तर चालतंय." आम्ही लिहायचो, कोणतं पान, काय भरलं, कोणतं बटण, काय आलं, आणि पडद्याचा फोटो. प्रत्येक चुकीला एक नंबर आणि तीन प्रकारांपैकी एक. 'काम अडतं', 'वळसा घालून होतं' आणि 'दिसायला बरं नाही'. रंग आवडला नाही आणि पैसे दोनदा कापले गेले या दोन तक्रारी एका ओळीत लिहिल्या की दुसरीचं वजन जातं. आणि चूक दुरुस्त झाली असं कळलं की ती पुन्हा तपासायची, शेजारचीही. आमच्या जोड बहिणींचा नंबर चालू झाला त्या दिवशी पावतीवरचा नंबर छापायचा बंद झाला होता.

आता सगळं गोड झालं असं नाही. चाचणीचे दिवस संपत आले. उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले. आमच्या यादीत 'काम अडतं' या प्रकारातल्या तीन गोष्टी शिल्लक होत्या. शिष्यवृत्तीवाल्यांचं हॉल तिकीट, रद्द पावत्यांचा हिशेब आणि नाव बदलल्यावर जुना निकाल बदलणं. बैठकीत आम्हाला सांगण्यात आलं, "सही करून टाका, बाकीचं होईल मागाहून." एक जण तर म्हणाले, "तुम्ही काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही." आमच्यातल्या फीच्या ताई शांतपणे म्हणाल्या, "खरंय सर, आम्ही इंजिनिअर नाही. पण संध्याकाळी कीर्द जुळली नाही तर घरी जायला उशीर आम्हाला होतो, आणि फरक आमच्याकडून मागितला जातो." प्राचार्य मॅडमनी यादी मागून घेतली आणि ती तिथेच पूर्ण वाचली.

मार्ग असा निघाला. प्रवेशाचा भाग स्वीकारला, तेवढ्यावर सही केली. फी आणि परीक्षेचा भाग सशर्त. राहिलेल्या चुका, त्यांच्या तारखा आणि तोवर हप्ता थांबेल, हे कागदावर लिहून घेतलं. महिनाभर नवी प्रणाली आणि जुनं पावती पुस्तक दोन्ही बरोबरीने चालवलं. काम दुप्पट झालं, त्याचा त्रास झालाच. घरी भाजी टाकायला उशीर, मुलांची कुरकुर, सगळं झालं. आम्ही जादा वेळेबद्दल बदली सुट्टी मागितली, तीही लेखी. त्या महिन्यात एका संध्याकाळी दोन्ही हिशेबांत फरक आला. रद्द केलेली पावती प्रणाली दिवसाच्या बेरजेतून वजा करत नव्हती. जुनं पुस्तक शेजारी होतं म्हणून ते पंधरा मिनिटांत सापडलं. नसतं तर तेवढी रक्कम ताईंच्या नावावर तूट म्हणून दिसली असती.

काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. ओटीपी अजूनही वडिलांच्याच फोनवर जातो. त्यावर एवढंच करून घेतलं की मुलगी ओळखपत्र घेऊन खिडकीवर आली तर आम्ही तिची नोंदणी ओटीपीशिवाय करू शकतो, आणि कुणी केली याची नोंद राहते. हे पुरेसं नाही, पण तिची चुकलेली तारीख वाचते.

मैत्रिणींनो, वापरणाऱ्या बाईला न विचारता आणलेल्या यंत्राचं काय होतं हे अंगणवाडीच्या ताई आपल्यापेक्षा चांगलं सांगतील. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन कमी ताकदीचे, सतत अडकणारे, आणि माहिती भरायचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. त्यांना काम करायचं नव्हतं असं नाही. वजन-उंचीच्या नोंदी त्या वर्षानुवर्षं वहीत ठेवतच होत्या. अ‍ॅप करताना आधी चार सेविकांच्या हातात देऊन बघितलं असतं तर भाषेची अडचण पहिल्याच दिवशी कळली असती.

म्हणून तुमच्या कामाच्या जागी नवी प्रणाली येणार असं कळलं तर आधी तीन प्रश्न विचारा. वापरून बघायला आम्हाला किती दिवस मिळणार, आणि त्या दिवसांत रोजचं काम कोण करणार? सापडलेल्या चुका कुठे लिहायच्या आणि त्या दुरुस्त झाल्याचं कोण सांगणार? आणि सही कोण करणार, वापरणारी की न वापरणारा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'न वापरणारा' असं आलं, तर निदान वापरणारीची यादी त्या सहीच्या कागदाला जोडायला सांगा. तेवढं मागायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आमची चार रकान्यांची कोरी यादी आम्ही रेडिओ केंद्रावर देऊन ठेवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी येऊन प्रत काढून न्यावी. तिच्यात तुमच्या कामाच्या अडलेल्या केसेस भरा. पहिल्या दहा तुम्हाला झोपेतही आठवतील, आम्हाला आठवल्या तशा.